घाट उतरण्याआधी

“तिला गाडी लागते” असं कुणी म्हटलं की आमच्या घरात पुढचं बोलणं संपायचं. लग्नाला कोण कोण जायचं, पंढरपूरला किती जण, दवाखान्यातल्या नातेवाइकाला भेटायला कोण, अशी यादी चाललेली असताना आईचं नाव या एका वाक्यावर गळायचं. आई वाद घालायची नाही. उलट तिला हायसं वाटलेलं दिसायचं, आणि मोठेपणी मला त्याचंच जास्त वाईट वाटत आलंय. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जायला नको म्हणून एखादीला सुटल्यासारखं वाटावं, इतकं तिने सोसलं होतं. आणि ते सोसणं आजार म्हणून घरात कुणी कधी धरलंच नव्हतं.

आईचं माहेर गुहागर तालुक्यात, सासर कराडजवळ. मध्ये कुंभार्ली घाट. कराड सोडलं की पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग घाटमाथा. तिथून वळणावळणांनी खाली उतरायचं ते पोफळी, शिरगाव करत चिपळूणला. चिपळुणात एसटी बदलायची आणि पुढे गुहागरचा रस्ता, तोही कोकणातलाच, म्हणजे सरळ असा कुठे नाहीच. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. आईच्या लेखी ते अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच. हेळवाकपर्यंत कसंतरी होणं, घाटात पहिली उलटी, शिरगावपर्यंत नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आणि चिपळूणच्या स्टँडवर भिंतीला टेकून बसणं, असं ते होतं.

आदल्या रात्रीपासून ती जेवायची नाही. “पोटात काही नसलं तर पडणार काय?” असं आजी म्हणायची. पडायचं ते पित्त, कडू आणि पिवळं, आणि उपाशी पोटाच्या ओकाऱ्या भरल्या पोटापेक्षा जास्त पिळवटून काढतात. जवळ लिंबू असायचं, चिंचेचा गोळा असायचा, रुमालात आवळासुपारी. कुणीतरी सांगितलं म्हणून पोटावर वर्तमानपत्राची घडी ठेवून वर पदर घट्ट खोचलेला असायचा. मागच्या खिडक्या धडाधड लागायच्या. कंडक्टर चांगला असला तर “ताई, पुढं या” म्हणायचा, पण पुढच्या सीट भरलेल्या असायच्या. घरी आल्यावर आजीचं एकच: “मनाचं आहे सगळं. मन घट्ट केलं की होत नाही काही.”

या ‘मनाचं आहे’वरच मला मुख्यतः बोलायचं आहे, कारण ते आजही ऐकू येतं, आणि ते खरं नाही.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारं एक इंद्रिय आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या, आणि त्यांत द्रव. मान वळली की नळी लगेच वळते, आतला द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. तांब्या झटकन फिरवला तर आतलं पाणी लगेच फिरत नाही, तसा. या मागे राहण्यावरून मेंदूला कळतं की डोकं कुठल्या बाजूला आणि किती वेगाने फिरलं. नळ्यांशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत एका चिकट थरावर कॅल्शियमचे अगदी बारीक खडे बसलेले असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, पाळणा खाली आला की खडे सरकतात आणि सरळ रेषेतल्या हालचालीची, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेची बातमी मेंदूला जाते.

रोजच्या चालण्यात कानाची बातमी, डोळ्यांची बातमी आणि पायांच्या स्नायूंची बातमी एकच असते. एसटीत ती जुळत नाही. कान सांगतो, आपण डावीकडे फेकले जातोय, आता उजवीकडे, आता खाली. डोळ्यांसमोर असते पुढच्या सीटची पाठ, जी जागची हलत नाही. स्नायू म्हणतात, आपण बसून आहोत. रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ साली ही मांडणी व्यवस्थित केली: त्रास हलण्याचा नसतो, मेंदूने जे अपेक्षिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जे येतं त्यांच्यातल्या विसंगतीचा असतो. आजही हेच स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी धरलं जातं. या विसंगतीवर शरीर उलटीनेच का उत्तर देतं, यावर एक तर्क आहे. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे विषबाधा, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला सांगतो. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. मला तो पटतो.

आता मनाचा प्रश्न. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजातल्या अकरा बहिऱ्या पुरुषांवर अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बरीच वर्षं प्रयोग केले. त्यांतल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणी मेंदूज्वरात गेलं होतं आणि त्याबरोबर कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही निकामी झालं होतं. अंतराळात माणूस पाठवायचा तर गरगरण्याचा अभ्यास हवा, म्हणून हे लोक निवडले. त्यांना दिवसच्या दिवस फिरत्या खोलीत ठेवलं, विमानातून वरखाली नेलं, आणि एकदा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेलं. बोटीवर संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग थांबवावा लागला. हे बहिरे लोक तेव्हा पत्ते खेळत होते.

ते लोक मनाने खंबीर होते म्हणून त्यांना बोट लागली नाही, असं नव्हे. त्यांचा कान गप्प होता. उलट बाजूने पाहिलं तर गाडी लागणाऱ्या माणसाचा कान शाबूत आहे आणि आपलं काम चोख करतोय. हे मला आईला तरुणपणी सांगता आलं असतं तर तिची मान थोडी वर राहिली असती, असं वाटत राहतं. समुद्राने तर भल्याभल्यांना सोडलेलं नाही. ‘बीगल’ जहाजावर जवळजवळ पाच वर्षं जगप्रदक्षिणा करणारा डार्विन दर खेपेला समुद्राने आजारी पडायचा आणि मनुका खाऊन दिवस काढायचा. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन आयुष्यभर बोट लागण्याची तक्रार करत राहिला. ऑगस्ट १९६१ मध्ये गेर्मान तितोव्ह हा सोव्हिएत अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरताना मळमळीने बेजार झाला; अंतराळात हा त्रास झाल्याची ती पहिली नोंद.

मनाचा काहीच भाग नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. पुढे पुढे आईला कराडच्या स्टँडवर डिझेलचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. गाडी अजून हललेलीही नसायची. वारंवार त्रास झाला की मेंदू वासाशी, जागेशी, रंगाशीसुद्धा त्याची गाठ मारून ठेवतो. केमोथेरपी घेणाऱ्यांना हॉस्पिटलच्या दारातच मळमळायला लागतं, तेही याच वाटेने. पण ती गाठ मुळात खऱ्या त्रासाने पडलेली असते. ‘मन घट्ट कर’ म्हटल्याने ती सुटत नाही.

कुठला हेलकावा जास्त बाधतो याचाही अभ्यास झालेला आहे. साधारण पाच सेकंदांत एकदा, अशा संथ झोकांड्या सगळ्यात वाईट. खडबडीत रस्त्याचे भराभर बसणारे हादरे हाडं खिळखिळी करतील, पण उलटी होईलच असं नाही. म्हणूनच घोड्यावर फारशी मळमळ होत नाही, उंटावर होते. मोठ्या लाटांवर डुलणारी बोट आणि घाटातली वळणं घेणारी जड गाडी नेमक्या याच संथ लयीत झुलतात. खड्ड्यांच्या रस्त्याला आई कधी घाबरली नाही. घाबरायची ती गुळगुळीत डांबरी घाटाला, आणि त्याबद्दल तिला हसणारे आम्ही सगळे चूक होतो.

एक गोष्ट कळायला मला बरीच वर्षं लागली. गाडी चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही. वळण येण्याआधी त्याला ते दिसतं, स्टिअरिंग त्याच्या हातात असतं, मान आपोआप वळणाच्या आतल्या बाजूला कलते. मेंदूची अपेक्षा आणि कानाची बातमी जुळलेली राहते. त्याच्या शेजारी बसून समोरचा रस्ता बघणाऱ्यालाही पुष्कळ सुरक्षित वाटतं. आता आपल्या घरांतली रीत आठवा. गाडी पुरुष चालवणार. पुढची सीट मानाची, म्हणून तिथे वडीलधारे नाहीतर जावई. बायका आणि मुलं मागे, मांडीवर पिशव्या, पायाशी डबे, समोर दिसतात ते सीटचे पाठीमागचे कव्हर. वडापच्या जीपमध्ये तर बायकांच्या वाट्याला मागचे आडवे बाक, म्हणजे तोंड एका दिशेला आणि जीप दुसऱ्या. मुळात हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि लहानपणी सहा ते बारा या वयात सगळ्यात जास्त. ज्यांना पुढची जागा खरोखर हवी त्यांना ती मिळत नाही, आणि मग आपण म्हणतो, हिलाच कशी लागते गाडी.

माझ्या मते पुढची सीट मान म्हणून देणं आता सोडावं. ज्याला लागते त्याला ती द्यावी.

घरगुती उपायांकडे मी तुच्छतेने बघत नाही. लिंबू हुंगल्याने डिझेलचा आणि इतरांच्या डब्यांचा वास मारला जातो, आणि वास हा मळमळीचा मोठा साथीदार आहे. आलं, सुंठ, आलेपाक यांचा उपयोग गरोदरपणातल्या मळमळीवर बऱ्यापैकी दिसून आलाय. प्रवासातल्या त्रासाबद्दल पुरावा तितका पक्का नाही, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. आल्याचा तुकडा चघळायला हरकत काहीच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर दाबण्याचंही तसंच. चिंच आणि आवळासुपारीने तोंडाची चव सुधारते. पोटावरच्या वर्तमानपत्राने मात्र काही होण्याचं कारण नाही, कारण गडबड पोटात सुरू झालेलीच नसते. आणि उपास तर नकोच. निघण्याआधी तास-दोन तास हलकं खावं: भाकरीचा चतकोर, मऊ भात, केळं, साधी बिस्किटं. वडापाव आणि तिखट मिसळ नको, तसंच रिकामं पोटही नको.

बाकी सांगायचं ते थोडंच. बसमध्ये मागच्या चाकांच्या पुढची जागा घ्यावी, मागच्या बाकावर बसू नये. नजर लांब, रस्त्याच्या टोकावर ठेवावी. मोबाइल बंद. वाचन बंद. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवावं, शक्य झालं तर डोळे मिटावेत. बघायचं तर बाहेरचं लांबचं बघावं, आतलं जवळचं नको. वारा येऊ द्यावा. एसी बसच्या खिडक्या उघडत नाहीत आणि आत अत्तराच्या बाटल्या लटकत असतात. त्या काढायला चालकाला सांगायला लाजू नये. आणि जांभया येऊ लागल्या, तोंडात लाळ वाढली, चेहरा पांढरा पडून थंड घाम फुटला की समजावं, वेळ फार नाही. गाडी थांबवता येत असेल तर तेव्हा थांबवावी, उलटी झाल्यावर नव्हे.

आता गोळी. या सगळ्यात आपल्याकडे सर्वात जास्त घोटाळा गोळीचाच होतो, म्हणून सावकाश सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते. मग घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, रक्तात उतरत नाही, आणि पुढच्या वळणावर बाहेर येते. घाटमाथ्यावर पर्स चाचपून गोळी शोधणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्यात. गोळी घरून निघण्याआधी घ्यायची असते. आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘अव्होमिन’ या नावाने मिळणारं प्रोमेथाझिन साधारण तास-दोन तास आधी घेतात. लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री.

दुसरी गोष्ट कुठली गोळी, ही. उलटीवरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, कारण उलटीचे रस्ते वेगळे असतात. कानाकडून येणाऱ्या रस्त्यावर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन ही रसायनं निरोप नेतात, म्हणून तिथे प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, हायोसिन ही औषधं चालतात. पोटाच्या संसर्गात किंवा केमोथेरपीत सेरोटोनिनचा रस्ता मुख्य असतो, तिथे ऑन्डॅन्सेट्रॉन फार उपयोगी. घरात तापाच्या वेळची ऑन्डॅन्सेट्रॉनची पट्टी उरलेली असते, ती प्रवासाला बरोबर घेतली जाते, गुण येत नाही, आणि ‘हिला गोळीनेसुद्धा थांबत नाही’ असा शिक्का बसतो. ते औषध गाडी लागण्यावरचं नाहीच.

डायमेनहायड्रिनेटची हकीकत मला फार आवडते. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या ॲलर्जी विभागात एका बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून हे नवं औषध दिलं. तिने येऊन सांगितलं की पित्ताचं काय ते बघा, पण आयुष्यभर मला ट्राममध्ये मळमळायचं ते थांबलं. डॉक्टरांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. त्याच वर्षी सैनिक नेणाऱ्या जहाजावर अटलांटिक ओलांडताना मोठी चाचणी झाली आणि औषध जगभर गेलं. ट्राममध्ये होणाऱ्या त्रासाबद्दल एका बाईने बोलावं आणि समोरच्याने ते नोंदवून घ्यावं, एवढ्यावर ते उभं आहे.

या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवू नये, दारू तर अजिबात नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देऊच नये, श्वास दबण्याचा धोका असतो. आणि मुळात इतक्या लहान बाळांना गाडी सहसा लागतही नाही. मोठ्या मुलांनाही मात्रा डॉक्टरांकडूनच. हायोसिन हे धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत सापडणारं द्रव्य आहे. म्हणून कुणी धोतऱ्याचं काही पोटात घेऊ नये, ते विष आहे.

सवयीचा उपायही खरा आहे. आईच्या माहेरगावचे खलाशी सांगतात की पावसाळ्याच्या बंदीनंतर पहिल्यांदा दर्यात गेलं की जुन्या माणसालाही एक-दोन दिवस जड जातात, मग काही नाही. मेंदू नवी लय शिकतो, आणि सुटी पडली की विसरतो. वर्षा-दोन वर्षांतून एकदा माहेरी जाणाऱ्या बाईला ती लय शिकायला मिळणार कधी?

आईचं पुढे काय झालं ते सांगते. तिला महिन्यातून एखाद-दोनदा ‘पित्त व्हायचं’. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाही, मग उलटी व्हायची आणि उलटी झाली की बरं वाटायचं. उलटीनंतर बरं वाटतं म्हणजे पित्तच, असा सगळ्यांचा हिशोब. बायका एकमेकींना कोकमाचं सरबत, साळीच्या लाह्यांचं पाणी, मोरावळा सांगायच्या. रक्तदाब दाखवायला म्हणून गेलो असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोकेदुखीची चौकशी करता करता मध्येच विचारलं, “मावशी, लहानपणापासून गाडी लागते का हो तुम्हाला?” आई चमकली. “तुम्हाला कसं कळलं?”

ती अर्धशिशी होती. अर्धशिशी असणाऱ्यांना गाडी लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तिच्या ऐन झटक्यात जठर मंदावून उलटी होते. चाळीस वर्षं पोटाचं म्हणून जे चाललं होतं ते डोक्याचं होतं. बाईंनी अर्धशिशीची औषधं दिली, आणि प्रवासाची गोळी कधी घ्यायची ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्या दिवाळीला मामाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आई कुंभार्ली उतरली. अर्धा वेळ ती झोपेत होती. पोफळीला जागी झाली आणि “चहा घेऊ या का?” म्हणाली. घाटाच्या पायथ्याशी आईला चहा घ्यावासा वाटलेला मामाने त्याआधी कधी पाहिला नव्हता.

‘पित्त झालंय’ म्हणण्याची आपली सवय आणखी एका ठिकाणी जिवावर बेतते. छातीत जड वाटतंय, घाम सुटलाय, मळमळतंय, एखादी उलटी झाली, की घरातली माणसं सोडा देतात, आलं-लिंबू देतात आणि पडायला सांगतात. हृदयविकाराचा झटका असाही येतो. बायकांना आणि मधुमेह असणाऱ्यांना छातीत फारसं न दुखता मळमळ, थकवा आणि घाम एवढ्याच खुणा असू शकतात. अशा वेळी सोड्याची वाट न बघता ईसीजी काढायला जावं. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा होणारी उलटी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट भाग, तान्ह्या बाळाची हिरवी उलटी, उलटीसोबत मान ताठ आणि ताप, पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होणं, यांतलं काहीही घरी थांबवून ठेवण्यासारखं नाही.

मेंदूच्या देठाशी, चौथ्या पोकळीच्या तळाला एक जागा आहे जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातली नेहमीची भिंत पातळ असते. रक्तात काही विषारी आलं तर त्या जागेला आधी कळतं आणि उलटी होते. शिळ्या अन्नाचं विष, दारू, काही औषधं, किडनी निकामी झाल्यावर साचलेली घाण, सगळं तिथे हजेरी लावतं. गरोदरपणातली मळमळ मात्र बरीच वर्षं कोडं होती. दहातल्या सात बायकांना होणारी गोष्ट, आणि तिच्याबद्दलही शतकभर ‘मनाचंच’ सांगितलं गेलं, अगदी मूल नको असेल म्हणून ओकते इथपर्यंत. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मार्लेना फेझो आणि स्टीफन ओ’राहिली यांच्या गटाने दाखवलं की बाळाकडून, वारेतून येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक यात मुख्य आहे. ज्या बायकांच्या रक्तात गरोदरपणाआधी ते कमी असतं, त्यांच्या शरीराला त्याची सवय नसते आणि त्यांना त्रास जास्त होतो. फेझो यांचं स्वतःचं बाळ अशाच तीव्र उलट्यांच्या गरोदरपणात गेलं होतं. त्या संशोधनाकडे वळल्या त्या तिथून. गरोदर बाईचं वजन घटू लागलं, पाणीही ठरेना, लघवी कमी झाली तर ‘डोहाळे आहेत, होतं असं’ म्हणून सोडू नये. डॉक्सिलामिन आणि ब६ जीवनसत्त्व यांची गोळी डॉक्टर देतात. स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. थॅलिडोमाइड ही गोळी १९५७ नंतर गरोदर बायकांनी मळमळीसाठीही घेतली होती आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली.

मुलांच्या जुलाब-उलट्यांबद्दल एकच सांगते. उलटी थांबवण्यापेक्षा पाणी आत ठेवणं महत्त्वाचं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याचे पिंप भरून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पाजायचं. घटाघटा पाजलं की उलटतं, आणि मग आई म्हणते, ठरतच नाही. ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली, ती आधीच व्हायला हवी होती. उलटीनंतर लगेच ब्रशही करू नये, आम्लाने मऊ झालेल्या दातांवर तो घासतो. चूळ भरली की पुरे.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे, म्हणजे त्रासाच्या ऐन वयात, आणि तिने आजीचा कान घेतलाय. परवा शाळेची सहल ठरली, पुण्याहून ताम्हिणीमार्गे रायगड. गेल्या वर्षी ज्यांना उलट्या झाल्या त्या मुलांना या वर्षी नेऊ नये, असं पालकांच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं. मी उठून बोलले. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती यादी पुन्हा सुरू होऊ द्यायची नव्हती. बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली मात्रा, घरून निघण्याआधी द्यायची वेळ, पुढच्या तीन रांगा अशा मुलांसाठी ठेवाव्यात, नाश्ता इडलीचा असावा, मुळशी धरणाच्या आसपास पहिला थांबा घ्यावा, असं सगळं एका कागदावर लिहून बाईंना दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, “सगळं ठीक आहे, पण परतीची गोळी कोण देणार? गड उतरून मुलं पाचाडला दमून बसतात, तेव्हा कुणाला आठवत नाही.” मी तो विचारच केला नव्हता. आता पाकिटांवर मुलांची नावं आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा लिहिल्या आहेत. ती बाईंच्या पर्समध्ये असतील, आणि पाचाडला जेवणाआधी हजेरी होईल तेव्हाच द्यायची ठरली आहेत.